हँडब्रेक माझा, गाडी तुमची

सरांना कुणाच्याही गाडीत पुढे बसवू नये, हे त्यांच्या ओळखीतल्या लोकांना एव्हाना अनुभवाने कळलं होतं. माणूस तसा सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गाडी हलली रे हलली की त्यांचा उजवा हात आपसूक मधल्या हँडब्रेकवर जाऊन बसे, आणि समोरून एखादं कुत्रं जरी रस्ता ओलांडायला निघालं तरी दांडा वर ओढला जाई. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने एकदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडलं होतं. जाताना गाडी दोनदा गचका खाऊन थांबली. परतताना शेजारी अगदी अदबीने म्हणाला की सर, तुम्ही मागे आरामात बसा. सर मागे बसले, तरी घरापर्यंत त्यांचा हात पुढच्या दोन सीटांमधल्या फटीत चाचपडत राहिला.

याला कारण त्यांचा धंदा. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. एकट्याचा क्लास, एकच गाडी, छपरावर पिवळी पाटी. दुसऱ्या क्लासच्या गाड्यांना शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असे. सरांनी तो कधी बसवला नाही. त्याने शिकवणारा आळशी होतो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि सरांचं मत एकदा झालं की झालं. त्यामुळे त्यांच्या हाताशी ब्रेक एकच, दोन सीटांमधला. पहिल्या दिवशी प्रत्येकाला ते एकच नियम सांगत: हँडब्रेक माझा, बाकी गाडी तुमची. त्या दांड्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. सरांचा दरारा असा की खरंच कुणी लावत नसे.

आठ वर्षांपूर्वी बायको गेली आणि क्लास बंद झाला. फोन तीच घ्यायची, कुणाला कोणत्या वेळी बोलवायचं ते तीच ठरवायची, आणि सर कुणावर फार ओरडले तर त्याला चार गोड शब्द सांगून परत आणायचीही तीच. ती नसताना पहिल्या महिन्यात तीन जण निघून गेले आणि चौथं कुणी आलं नाही. सरांनी पाटी उतरवून पलंगाखाली ठेवली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक गळका नळ आणि दाराशी उभी गाडी, एवढा त्यांचा संसार उरला. सकाळी पेपर आला की ते तो गाडीत जाऊन वाचत. तेही डावीकडच्या सीटवर बसून. शेजारची चालवणाऱ्याची जागा रिकामी. घरातल्या खुर्चीपेक्षा तिथे त्यांना जरा बरं वाटायचं. कधी कधी दुपार होईस्तोवर ते तिथेच असत, आणि जाणारे येणारे त्यांना बघून न बघितल्यासारखं करत.

त्यांना एक मुलगी होती, बसने चार तासांवरच्या गावात. महिन्यातून एकदा तिचा फोन येई. तब्येत बरी ना, गोळ्या घेता ना, ठेवते. वाईट बोलणं कधीच झालं नव्हतं. बोलणंच झालं नव्हतं. सर म्हणत, तिचा स्वभावच घुमा. पण लहानपणी ती तशी नव्हती हे त्यांना माहीत होतं. ती गप्प झाली बाविसाव्या वर्षी, आणि त्याला कारण घडलं होतं. ते आठवायचं म्हटलं की सर उठून नळ घट्ट करायला जात.

झालं होतं असं. तिने नर्सिंग पुरं केलं आणि घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करायची नोकरी तिला जवळजवळ मिळाली. तिला ती मनापासून हवी होती. अट एकच, गाडी चालवता आली पाहिजे, लायसन पाहिजे. बाप स्वतः शिकवणारा, मग काळजी कसली! ती तीन महिने शिकली. सांगितलेलं मुकाट्याने करणारी, सरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांत हात आणि पाय सर्वांत हलका असलेली. परीक्षेत चढावर थांबवून गाडी पुन्हा सुरू करायला सांगितली आणि ती बंद पडली. तीनदा सुरू केली, तीनदा बंद. महिन्याने दुसऱ्यांदा परीक्षा, पुन्हा तेच. त्या दिवशी परीक्षकासमोर, रांगेत उभ्या असलेल्या दहाबारा जणांसमोर, सरांनी तिला सांगितलं, “तुझ्या पायात जीवच नाही. तू गाडी चालवू नकोस.”

तिने चालवली नाही. ऐकणारीच मुलगी ती. नोकरी दुसऱ्या कुणाला गेली. ती एका दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत लागली, लग्न होऊन गेली, आणि पुढची बावीस वर्षं बसने फिरली.

आणि आता नातीचा फोन आला. नातीला अठरा पूर्ण झाली होती, तिला गाडी शिकायची होती, आणि शिकेन तर आजोबांकडूनच असा तिने घरी हट्ट धरला होता. सुट्टीचे वीस दिवस ती त्यांच्याकडे राहणार होती. आईला तयार करायला तिला आठवडा लागला. मग मुलीने फोन घेतला आणि दोन अटी घातल्या: तिच्यावर ओरडायचं नाही, आणि गाडीचे ब्रेक आधी नीट दाखवून घ्यायचे. शनिवारी सकाळच्या बसने ती लेकीला सोडायला येणार आणि चारच्या बसने परतणार होती.

वीस दिवस! सरांनी ते बोटांवर मोजले. आतल्या खोलीतला पसारा काढला, नवा आरसा लावला, नळाला नवं वायसर घातलं. वीस दिवस घरात कुणी तरी दार आपटणार होतं, दिवे चालू ठेवून जाणार होतं, आजोबा अशी हाक मारणार होतं. सत्तरीला आलेला माणूस खोलीच्या मधोमध उभा राहून उगाचच हसला.

ब्रेकचं म्हणाल तर पायाचा ब्रेक ठीक होता, हँडब्रेक मात्र पार गेला होता. दांडा ओढला तरी धरत नसे. सर चाकाखाली वीट लावत. त्यांचा जुना मिस्त्री धंदा आवरून निघून गेला होता, म्हणून गुरुवारी ते गाडी घेऊन त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात गेले. त्याला सगळे बारीक म्हणत, आणि का म्हणत ते बघताक्षणी कळे. गाडीखाली शिरायचं तर त्याला आधी पूर्ण श्वास सोडावा लागे.

बारीकने मागची चाकं काढली, ड्रम उतरवले आणि ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. मग मधला दांडा खोलला. हँडब्रेकचा दांडा आत एका दातेरी पट्टीवर अडकतो. वर ओढताना टक टक वाजतं ते त्या दात्यांचं. ती पट्टी त्याने फडक्याने पुसली आणि उजेडात धरली.

“सर, गाडी उभी करताना किती दाते ओढता?”

“पाच. फार तर सहा.”

“मग हा दुसरा दाता कसा गेला?”

सरांनी चष्मा लावून बघितलं. बाकीचे दाते वापराने जेवढे घासावेत तेवढेच घासले होते. दुसरा मात्र बोट फिरवलं तरी लागत नव्हता, इतका सपाट.

बारीकने मग त्यांना समजावून सांगितलं. उभ्या गाडीवर ओढलेल्या ब्रेकने लायनर झिजत नाही, चाक फिरतच नाही तर झिजणार काय! हे लायनर चालत्या गाडीवर झिजले होते. ड्रमही तापून निळा पडला होता. म्हणजे वर्षानुवर्षं ही गाडी हँडब्रेक दोन दाते वर ठेवून चालवली होती. आणि तसं असेल तर समोर लाल दिवा लागायला हवा, म्हणून त्याने तिकडे बघितलं, तर दिव्याचा बल्बच जागेवर नव्हता.

“बल्ब मीच काढला,” सर म्हणाले. “शिकणारे त्याच्याकडे बघत बसायचे.”

आणि दोन दातेही त्यांनीच ठेवले होते. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, म्हणून सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं. शिकवायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्याने शाळेतून सुटलेल्या मुलींच्या घोळक्यावर गाडी नेली होती. सरांनी दांडा ओढला, पण सुरुवातीची ढील निघून ब्रेक लागेपर्यंत एका मुलीचं दप्तर चाकाखाली गेलं. मुलगी वाचली, पण ते दप्तर सरांच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. तेव्हापासून डाव्या सीटवर बसले की ते दांडा आधीच दोन दाते वर घेत, म्हणजे ढील निघालेली राही आणि ओढताक्षणी ब्रेक लागे. सपाट रस्त्यावर शिकणाऱ्याला फरक कळत नसे. चढावर शिकवताना सरांचा हात इतका तयार होता की शिकणाऱ्याने क्लच सोडला की हातही आपोआप दांडा खाली सोडी. स्वतः चालवताना मात्र दांडा साफ खाली असे, कारण स्वतःच्या पायाची त्यांना भीती वाटत नव्हती.

बारीकला आता हसू आवरेना. तोही चढावर दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा त्याने गाडीला असा काही गॅस दिला की परीक्षकाची टोपी मागच्या सीटवर गेली, आणि तो पास झाला. इतकी वर्षं आपलाच पाय जड असं वाटत होतं, म्हणाला, म्हणून तर चालवायचं सोडून खाली शिरलो. हसता हसता त्याने सरांकडे बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

सर त्या झिजलेल्या दात्यावर अंगठा ठेवून बसले होते. परीक्षेच्या वेळी ते स्वतः गाडी रांगेत लावत, शिकणाऱ्यासाठी सवयीने दांडा दोन दात्यांवर ठेवत आणि उतरत. मग डावीकडे परीक्षक बसे, आणि परीक्षकाचा हात हातातल्या कागदांवर. दांडा खाली करणारं तिथे कुणी नव्हतं. दांड्याला बोट लावायचं नाही, हा नियम शिकणाऱ्याच्या अंगात भिनलेला. ज्यांचा पाय दांडगा ते गॅस दाबून ब्रेकसकट गाडी वर ओढून नेत. जो शिकवल्याप्रमाणे हलक्या पायाने चालवी, त्याची गाडी बंद पडे.

तिने शिकवल्याप्रमाणेच चालवली होती.

संध्याकाळपर्यंत काम झालं. नवे लायनर, नवी केबल, नवी पट्टी, दिव्याला नवा बल्ब. जुनं सगळं बारीकने भंगाराच्या डब्यात टाकलं. आता कुणी म्हणता कुणाला काही कळणार नव्हतं. सर गाडी घेऊन घराकडे न वळता पाण्याच्या टाकीकडे गेले. तिथला रस्ता टाकीपाशीच संपतो, त्यामुळे वर्दळ नसते; सगळ्यांना चढ त्यांनी तिथेच शिकवला होता. अर्ध्यावर गाडी थांबवली. दांडा दोन दाते वर घेतला. समोर लाल दिवा लागला. मग त्यांनी जसं तेहतीस वर्षं लोकांना सांगितलं तसं केलं: क्लच सावकाश, गॅस हलका, घाई नाही. गाडी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा केलं, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदाही. त्या गाडीचा इंचन्‌इंच आपल्याला ठाऊक आहे असं समजणाऱ्या माणसाला चालवणाऱ्याच्या जागेवरून ती कशी लागते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सर तिथेच बसून रडले. बघायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते आवरलंही नाही.

शुक्रवारचा दिवस त्यांनी स्वतःशी भांडण्यात घालवला. सांगितलं तर काय होईल, हे उघड होतं. मुलगी नातीला ठेवणार नाही. ठेवील तरी कशी! आणि न सांगितलं तर वीस दिवस घर भरेल, पोर शिकेल, मुलगी तिला न्यायला येईल, कदाचित दोन दिवस राहीलही. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट उकरून कुणाचं भलं होणार? ती नोकरी काही परत येणार नव्हती. त्यांनी हे सगळं आरशासमोर उभं राहून मोठ्याने बोलून बघितलं, आणि ते अगदी पटण्यासारखं होतं. पण रात्री वाढून घेतलेलं ताट त्यांनी तसंच झाकून ठेवलं.

शनिवारी दोघी आल्या. नात आल्या आल्या घरभर फिरली, आरशात बघून केस नीट केले, बॅग पलंगावर फेकली आणि गाडी बघायला बाहेर पळाली. मुलगी चहाचे कप घेऊन मोरीपाशी गेली. सरांनी तिला सांगितलं, कप राहू दे. ती म्हणाली, दोन तर आहेत. तिची पाठ त्यांच्याकडे होती. केसांत मागच्या बाजूला बरेच पांढरे झाले होते, ते त्यांनी आधी बघितले नव्हते. बघायला ती जवळ आलीच कधी होती!

“तू नापास झाली नव्हतीस,” सर म्हणाले.

तिला वाटलं ते दुसऱ्याच कशाबद्दल बोलताहेत. मग त्यांनी सगळं सांगितलं, दाते, बल्ब, परीक्षकाचा हात, टाकीजवळ तीनदा बंद पडलेली गाडी. एकदाही अडखळले नाहीत, कारण अडखळलो तर थांबू, ही त्यांना धास्ती होती.

“दोन्ही वेळा?” तिने विचारलं.

“दोन्ही वेळा.”

तिने नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि एक हात त्यांच्यापुढे धरला. “चावी द्या.”

टाकीपर्यंत गाडी सरांनीच नेली. मुलगी नेहमीप्रमाणे मागे बसली होती. पायथ्याशी तिने दोघांनाही उतरायला सांगितलं. नात काही विचारणार होती, पण आईचा चेहरा बघून उतरली. मुलगी पुढे बसली, सीट ओढून घेतली, आरसा वळवला. सरांच्या तोंडाशी दहा सूचना आल्या आणि त्यांनी त्या तशाच गिळल्या. सपाटीवर गाडी एकदा बंद पडली. मग निघाली. चढाच्या मध्यावर ती थांबली, परीक्षेत थांबवायला लावतात तशीच. सरांनी डोळे मिटले. त्यांच्या कानावर इंजिनाचा आवाज आला, जरा खाली गेला, जरा वर आला. डोळे उघडले तेव्हा गाडी वर सरकत होती, कुठे गचका नाही, ओढाताण नाही, पाय इतका हलका की सरांनी उभ्या जन्मात कुणाचा तसा बघितला नव्हता.

टाकीपाशी गाडी थांबली. आतून पाच वेळा टक टक वाजलेलं त्या शांततेत खालपर्यंत ऐकू आलं. त्या दांड्याला तिने आयुष्यात प्रथमच हात लावला होता. मागच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं, ते पुढे स्टिअरिंगवर टेकलं आणि तसंच राहिलं. नात वर धावणार तेवढ्यात सरांनी तिचा दंड धरला. “राहू दे. जाऊ नकोस,” ते म्हणाले. त्यांनाही जायचं होतं. पण तिथे जाण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

ती चालत खाली आली. डोळे लाल होते. चावी तिने त्यांच्या हातावर ठेवली.

“गाडी चढते, बाबा,” ती म्हणाली. “सहज चढते.”

“माझं चुकलं.”

“हो,” ती म्हणाली.

घरी येऊन तिने पलंगावरची बॅग उचलली. नात रडकुंडीला आली, तर तिला तिने दोन वाक्यांत समजावलं की आपण दोघी गावाकडेच एका क्लासला नाव घालू, तू आणि मी. सरांशी ती दारात उभी राहून बोलली. “रागाने नेत नाही हिला. म्हणजे राग आहेच. पण हिच्या शेजारी तुमचा हात आहे म्हटलं की मला तिकडे झोप लागायची नाही.” सरांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, आणि पटलं म्हणून काही कमी लागलं नाही.

चारच्या बसला ते सोडायला गेले. नात खिडकीशी बसली आणि काच सरकवून तिने त्यांचा हात हातात घेतला. मुलगी पायरीवर चढली, तेव्हा मात्र सरांना राहवलं नाही.

“फोन करशील ना?”

ती वळली. कंडक्टर घाई करत होता.

“करीन,” ती म्हणाली. “पण कधी ते आज विचारू नका.”

सरांनी विचारलं नाही.